सॉलिड सरफेसचा ओटा कसा बसवावा: आराखड्यापासून शेवटच्या घासाईपर्यंत

स्वयंपाकघराचा ओटा सॉलिड सरफेसचा करायचा ठरले की घरातल्यांचे सगळे लक्ष रंग आणि नमुना निवडण्याकडे जाते. ओटा वर्षानुवर्षे टिकेल की कोपऱ्यातून तडकेल हे ज्या गोष्टींवर ठरते, त्या मात्र कोणी न विचारताच उरकल्या जातात. या गोष्टी अवघड नाहीत, पण त्या कळण्यासाठी हे साहित्य मुळात काय आहे हे आधी नीट पाहावे लागते.

सॉलिड सरफेस म्हणजे ॲक्रिलिक राळ आणि ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट या खनिजाची बारीक भुकटी एकत्र ओतून केलेली एकजिनसी शीट. तिच्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश राळ आणि दोन तृतीयांश खनिज असते. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने १९६० च्या दशकात हे साहित्य विकसित केले आणि ‘कोरियन’ (Corian) या नावाने ते बाजारात आणले. आज अनेक कंपन्या आपापल्या नावांनी तशाच शीट बनवतात. वरपासून खालपर्यंत रंग एकच असल्यामुळे ओरखडा पडला तर तो घासून काढता येतो. आत छिद्रे नसल्यामुळे पाणी आणि तेल मुरत नाही. दोन तुकडे त्याच रंगाच्या ॲक्रिलिक चिकटद्रव्याने जोडून घासले की जोड जवळजवळ दिसेनासा होतो. या साहित्याचे सगळे आकर्षण या तीन गुणांत आहे.

मात्र या साहित्याला दोन मर्यादाही आहेत. त्याच राळेमुळे उष्णतेने ही शीट ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर प्रत्येक मीटर लांबीमागे साधारण एक मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरच्या ओट्यात सुमारे तीन मिलिमीटर. शिवाय शीटची नेहमीची जाडी केवळ १२ मिमी असते, त्यामुळे जाड दगडी फरशीप्रमाणे ती पोकळीवरून स्वतःच्या बळावर तरून जात नाही. म्हणून या ओट्याला खालून सर्वत्र आधार द्यावा लागतो, पण त्याला कुठेही जखडून ठेवता येत नाही. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघते, आणि काम करताना एखादा प्रसंग या लेखात सापडला नाही तरी याच कसोटीवर निर्णय घेतला तर तो सहसा चुकणार नाही.

शीट निवडताना

बाजारात शुद्ध ॲक्रिलिकच्या, पॉलिएस्टरच्या आणि दोन्हींच्या मिश्रणाच्या शीट मिळतात. ॲक्रिलिकची शीट तापवून वळवता येते, तिचे जोड मजबूत बसतात आणि उन्हाने ती पिवळी पडण्याचा धोका कमी असतो. पॉलिएस्टरची शीट कडक पण तुलनेने ठिसूळ असते. ओट्यासाठी शुद्ध ॲक्रिलिकच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. कटआउटच्या, म्हणजे सिंक किंवा शेगडीसाठी शीटमध्ये कापलेल्या जागेच्या, कोपऱ्यात एक तडा गेला की किमतीत वाचवलेल्या पैशांनी तो भरून निघत नाही. विक्रेता केवळ ‘ॲक्रिलिक’ म्हणत असेल तर त्यात किती ॲक्रिलिक आहे हे उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात वाचून घ्यावे.

गडद रंग सुंदर दिसतात, पण त्यांच्यावर प्रत्येक बारीक ओरखडा पांढुरका उठून दिसतो, बोटांचे ठसे राहतात आणि चकचकीत पॉलिश टिकवण्यासाठी सतत मेहनत घ्यावी लागते. रोज कामाच्या ओट्यासाठी फिकट किंवा मध्यम छटेचा, बारीक ठिपक्यांचा नमुना आणि मॅट किंवा अर्धचकाकी पृष्ठभाग सर्वांत सोयीचा ठरतो. संगमरवरासारख्या लांब शिरांचे नमुने निवडल्यास जोडाच्या जागी शिरा जुळवाव्या लागतात आणि त्यासाठी शीट जास्त लागते, हे अंदाजपत्रकात आधीच धरावे. एकाच रंगाच्या दोन वेगवेगळ्या खेपांत किंचित फरक असू शकतो; म्हणून संपूर्ण ओट्याच्या शीट एकाच उत्पादन क्रमांकाच्या असाव्यात.

उष्णतेची मर्यादाही निवडीपूर्वीच स्वीकारावी लागते. आगीवरून उतरवलेले भांडे थेट ओट्यावर ठेवायची सवय सुटणार नसेल, तर हे साहित्य तुमच्यासाठी नाही. १५० ते १६० अंशांच्या आसपास ही शीट वाकवण्याइतकी मऊ होते, आणि तापलेल्या कढईचा तळ त्याहून सहज जास्त गरम असतो.

आराखडा: जोड आणि कटआउट आधी ठरवा

फ्रिज, सिंक आणि शेगडी या तिघांना जोडणाऱ्या कामाच्या त्रिकोणाचा नियम बहुतेकांना ठाऊक असतो: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्हींची बेरीज चार ते आठ मीटरच्या आत. हा नियम उपयोगी आहे. परंतु सॉलिड सरफेसच्या ओट्यात त्याच्याबरोबर जोड कुठे येतील हा प्रश्नही त्याच कागदावर सोडवावा लागतो. पूर्ण शीट साधारण ३.६८ मीटर लांब आणि ७६ सेंटीमीटर रुंद असते, त्यामुळे सरळ ओट्याला बहुधा जोड लागत नाही, मात्र इंग्रजी एल किंवा यू आकाराच्या ओट्याला तो लागतोच.

जोड सिंकच्या किंवा हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कटआउटमधून कधीही नेऊ नये आणि कटआउटच्या कडेपासून तो किमान ७५ मिमी दूर असावा. डिशवॉशरच्या वर जोड घेऊ नये, कारण तिथे खालून वारंवार वाफ आणि उष्णता लागते. एल आकाराच्या ओट्यात जोड तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात नेण्याचा मोह होतो, कारण लाकडी चौकटीत तसेच करतात. इथे ते चुकीचे आहे. आतला कोपरा हा संपूर्ण ओट्यातील सर्वाधिक ताणाचा बिंदू असतो आणि जोड नेमका तिथेच आणणे म्हणजे तड्याला वाट करून देणे होय. जोड कोपऱ्यापासून बाजूला सरकवून सरळ घ्यावा, म्हणजे आतला कोपरा अखंड शीटमध्येच राहतो आणि त्याला चांगली गोलाई देता येते.

ओट्याची उंची वापरणाऱ्या व्यक्तीवरून ठरवावी. ती व्यक्ती ताठ उभी राहून हात कोपरात वाकवते तेव्हा कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. बहुतेकांसाठी हे माप ८५ ते ९५ सेंटीमीटरच्या दरम्यान पडते. उंची मोजताना कपाटाची उंची, आधारपट्ट्यांची जाडी आणि शीटची जाडी यांची बेरीज करावी, कारण नंतर त्यात बदल करता येत नाही.

सिंक आणि हॉब यांच्यामध्ये कामाला पुरेल इतकी मोकळी जागा ठेवावीच, पण भिंतीचा कोपरा आणि हॉब यांच्यामध्येही अंतर असावे. ओट्याच्या टोकाला अगदी कडेशी हॉब आल्यास कटआउटच्या बाजूला शीटची अरुंद पट्टीच उरते आणि उष्णतेने ताणली जाऊन सर्वांत आधी तीच तुटते. बसून खाण्यासाठी ओटा पुढे काढायचा असेल तर १२ मिमी शीट आधाराशिवाय सुमारे १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. त्यापुढे धातूचे ब्रॅकेट किंवा भक्कम चौकट द्यावी.

नळाच्या आणि निचऱ्याच्या वाहिन्या, विजेचे बिंदू आणि गॅसची जोडणी ही सारी कामे कपाटे लागण्यापूर्वी पूर्ण व्हावीत. गॅस आणि वीज यांचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, आणि गॅस बंद करण्याची झडप कपाटातील सामान न हलवता हाताला लागेल अशा जागी असावी.

कपाटे आणि पाणसळ

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. ओटा लागल्यावर हे काम कुणाला दिसत नाही आणि म्हणूनच यातली घाई सर्वांत महाग पडते. शीट पातळ आणि काहीशी लवचीक असल्यामुळे ती खालच्या पृष्ठभागाचा आकार घेते. कपाट दोन मिलिमीटर खचलेले असेल तर शीट तिथे आधाराविना लटकते आणि रोज त्या जागी हात टेकला, जड भांडे ठेवले की जोडावर ताण येत राहतो.

जमीन बहुधा सपाट नसते. म्हणून कपाटांच्या रेषेत जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधावा आणि तिथे पहिले कपाट उभे करून बाकीची कपाटे पायांच्या स्क्रूने त्या पातळीवर उचलून आणावीत. लेझरची रेषा भिंतीवर मारून घेतली तर हे काम सोपे होते, तरीही शेवटची खात्री लांब पाणसळीने करावी: लांबीत, रुंदीत आणि तिरक्या दिशेनेही. तीन मीटर लांबीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. पातळी जुळल्यावर कपाटे एकमेकांना स्क्रूने बांधावीत आणि मग भिंतीला पक्की करावीत. हा क्रम उलटला तर भिंतीचा वाकडेपणा कपाटांत उतरतो.

आता आधारपट्ट्या. कपाटांवर पूर्ण प्लायवूड टाकून त्यावर शीट चिकटवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते आणि ती वरवर अधिक भक्कम वाटते. परंतु अखंड प्लायवूड उष्णता कोंडून ठेवते, दमटपणाने स्वतः वाकते आणि वाकताना शीटलाही आपल्याबरोबर ओढते. त्याऐवजी पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडच्या साधारण १८ मिमी जाड आणि ७५ ते १०० मिमी रुंद पट्ट्यांची चौकट करावी. पुढच्या कडेला एक, मागच्या कडेला एक, आणि या दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या ६०० मिमीपेक्षा कमी अंतरावर घ्याव्यात. सिंक आणि हॉब यांच्या दोन्ही बाजूंना आडवी पट्टी हवीच. जोडाखालीही आधार हवा, पण तो जोडाखालून जाणाऱ्या मजबुतीच्या पट्टीला जागा सोडून द्यावा. डिशवॉशरवर कपाट नसते, म्हणून तिथे वेगळी चौकट करावी आणि तिच्या खालच्या बाजूला वाफेपासून संरक्षण देणारी फॉइल लावावी. पट्ट्या कपाटांना स्क्रूने बसवता येतात. शीट मात्र पट्ट्यांना स्क्रूने कधीही आवळू नये.

साचा घेणे

साचा कपाटे पक्की झाल्यावरच घ्यावा, आधीच्या नकाशावरून शीट कापू नये. त्या वेळी सिंक, हॉब आणि नळ ही तिन्ही साधने प्रत्यक्ष जागेवर असावीत. छापील पत्रकातील मापे आणि हातात आलेली वस्तू यांत फरक निघाला तर शीट कापल्यावर उपाय उरत नाही.

भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का हे गुण्याने पाहिले तरी लांब अंतरावर खात्री करायला ३-४-५ चे माप अधिक विश्वासू आहे: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंटीमीटर आणि दुसरीवर १२० सेंटीमीटर खूण करावी; दोन खुणांमधील अंतर १५० सेंटीमीटर भरले तर काटकोन बरोबर आहे. बहुतेक वेळा ते भरत नाही, म्हणूनच साचा लागतो. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या किंवा हार्डबोर्डच्या पट्ट्या भिंतीच्या रेषेला लावून गरम गोंदाने एकमेकींना जोडल्या की ओट्याची खरी आकृती हाती येते. या साच्यावर पुढची कड, जोडाची जागा, सिंकची मध्यरेषा, नळाचे छिद्र आणि वरची बाजू कोणती हे स्पष्ट लिहून ठेवावे. भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येक कडेला प्रसरणासाठी किमान ३ मिमी अंतर सोडायचे आहे. ते साच्यातच वजा केले आहे की कापताना करायचे आहे हेही त्यावर लिहावे, नाहीतर ते एक तर दोनदा वजा होते किंवा राहूनच जाते.

कापणी

शीट कापण्यापूर्वी ती उजेडात तिरकी धरून दोन्ही बाजूंनी तपासावी. डाग, रंगातील फरक किंवा खोल ओरखडा दिसल्यास तिथेच थांबावे, कारण कापलेली शीट विक्रेते सहसा परत घेत नाहीत. एका पूर्ण शीटचे वजन साठ किलोच्या आसपास भरते. ती नेहमी कडेवर उभी धरून दोघांनी उचलावी, आडवी उचलू नये.

सरळ कापासाठी मार्गपट्टीवर चालणारी गोल करवत आणि कार्बाइड दातांचे पाते वापरावे, आणि नंतर ती कड राउटरने (वेगाने फिरणाऱ्या धारदार बिटाने कोरणाऱ्या हातयंत्राने) एकसारखी करून घ्यावी. कटआउट राउटरनेच काढावेत. जिगसॉने काम लवकर होते, परंतु तिच्या पात्याच्या हादऱ्यांनी कडेवर सूक्ष्म खाचा पडतात आणि पुढे हॉबच्या उष्णतेने शीट ताणली गेली की तडा अशाच एखाद्या खाचेतून सुरू होतो. कटआउटचा कोणताही कोपरा काटकोनी ठेवू नये. त्याला किमान ५ मिमी त्रिज्येची आणि जागा असेल तिथे त्याहून मोठी गोलाई द्यावी. एल आकाराच्या आतल्या कोपऱ्याला तर १२ मिमीपेक्षा कमी त्रिज्या देऊ नये. त्यानंतर प्रत्येक कापलेली कड, वरून आणि खालूनही, बोट फिरवल्यावर कुठे अडणार नाही इतकी गुळगुळीत घासावी. खालची कड दिसत नाही म्हणून ती सोडून देण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण तडा खालूनही येतो.

कापताना धूळ प्रचंड उडते. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत स्फटिकी सिलिका फार मोठ्या प्रमाणात असते आणि तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तसल्या फरशीवर बंदी घातली. सॉलिड सरफेसमधले मुख्य खनिज वेगळे आहे, परंतु म्हणून त्याची धूळ निरुपद्रवी ठरत नाही. यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडावी, शक्यतो काम उघड्यावर किंवा कार्यशाळेत करावे, आणि तोंडावर साधे कापड न बांधता धुळीसाठी बनवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, चष्मा आणि कानांना संरक्षण घ्यावे.

जोड

चांगला आणि वाईट कारागीर इथे ओळखता येतो. जोडायचे दोन्ही तुकडे, चिकटद्रव्य आणि खोली यांचे तापमान सारखे असले पाहिजे. शीट आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवावी आणि तापमान साधारण १८ ते २५ अंशांच्या दरम्यान असावे.

दोन कडा एकमेकींना अचूक मिळण्यासाठी सर्वांत खात्रीची युक्ती म्हणजे दोन्ही तुकडे समोरासमोर, राउटरच्या बिटाच्या व्यासापेक्षा थोडे कमी अंतर सोडून घट्ट बसवणे आणि मधून राउटरचा एकच फेरा मारणे. मार्गपट्टी किंचित वाकडी असली तरी एका कडेवरचा उंचवटा दुसऱ्या कडेवरच्या खळगीत उतरतो आणि जोड तंतोतंत बसतो.

त्यानंतर तुकडे कोरडेच जुळवून पाहावेत. जोडाच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर लाकडाचे छोटे ठोकळे गरम गोंदाने चिकटवावेत, म्हणजे क्लॅम्प लावायला पकड मिळते. कडा स्वच्छ पांढऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसाव्यात. रंगीत कापडाचा रंग जोडात उतरतो. पेन्सिलची एखादी खूण राहिली तरी ती पुढे जोडात काळी रेघ होऊन कायमची दिसते. जोडाच्या खालच्या बाजूने चिकटपट्टी लावून तळ बंद करावा, दोन तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी आणि दोन भागांचे ॲक्रिलिक चिकटद्रव्य उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून फटीत निम्म्याहून अधिक भरेल असे, बुडबुडे न येता सलग सोडावे. मग तुकडे सावकाश जवळ आणून क्लॅम्प आवळावेत, इतकेच की संपूर्ण लांबीवर चिकटद्रव्याची सलग रेषा वर येईल. अधिक आवळल्यास सगळे चिकटद्रव्य बाहेर निघून जोड उपाशी राहतो. असा जोड सुरुवातीला सुंदर दिसतो आणि काही महिन्यांनी उघडतो. वर आलेले चिकटद्रव्य पुसू नये. ते वाळताना थोडे आकसते, आणि पुसून टाकल्यास जोडाच्या जागी खाच उरते.

साधारण २० अंश तापमानाला पाऊण ते एक तासात चिकटद्रव्य कडक होते, थंडीत जास्त वेळ लागतो. बाहेर आलेल्या रेषेवर नख दाबल्यावर खूण उठली नाही तर ते पुरते वाळले असे समजावे. ठोकळ्यांच्या बुडाशी थोडे अल्कोहोल सोडून हलकेच ठोकले की ते सुटतात. उरलेली रेषा पटाशीने उचकटू नये, कारण तिच्याबरोबर शीटचा टवकाही निघून येतो; ती राउटरने पृष्ठभागापासून किंचित वर ठेवून कापावी किंवा धारदार रंध्याने हलक्या हाताने उतरवावी आणि बाकीचे काम सँडरवर सोडावे. प्रत्येक जोडाखाली त्याच शीटची ५० मिमी किंवा अधिक रुंद पट्टी त्याच चिकटद्रव्याने संपूर्ण लांबीत लावावी. ही पट्टी वगळलेला जोड मी पूर्ण झालेला मानत नाही.

पुढची कड

१२ मिमीची कड बारीक आणि आधुनिक दिसते, पण आधारपट्ट्या झाकण्यासाठी आणि डोळ्याला भरीव वाटावे म्हणून बहुतेक ठिकाणी ती ३० ते ४० मिमीपर्यंत वाढवतात. त्यासाठी शीटच्या पट्ट्या खाली एकावर एक चिकटवतात, किंवा एक पट्टी उभी लावतात. पट्ट्या मूळ शीटशेजारच्याच भागातून कापल्या तर रंगात फरक दिसत नाही. वरच्या धारेला किमान ३ मिमी गोलाई द्यावी. तीक्ष्ण धारेवर भांडे आपटले की टवका उडतो. खालच्या बाजूला पुढच्या कडेजवळ एक उथळ खोबण राउटरने पाडली तर ओट्यावरून ओघळणारे पाणी कपाटांच्या दारांपर्यंत पोहोचत नाही.

सिंक आणि हॉब

त्याच साहित्याचे सिंक ओट्याला खालून चिकटवता येते आणि जोड घासून टाकल्यावर ओटा आणि सिंक एकसंध होतात. कडेला घाण साचायला जागाच उरत नाही. हा या साहित्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. मात्र अशा सिंकमध्ये उकळते पाणी ओतताना थंड पाण्याचा नळ सुरू ठेवावा लागतो. हे जमणारे नसेल तर स्टीलचे सिंक खालून बसवावे. त्यासाठी शीटमध्ये थेट स्क्रू न घालता, शीटच्या तुकड्यांचे ठोकळे खाली चिकटवून त्यांत पितळी इन्सर्ट (स्क्रूसाठी आटे असलेल्या छोट्या नळ्या) बसवावेत आणि सिंकचे क्लिप त्यांना लावावेत; कडेभोवती बुरशीरोधक सिलिकॉन भरावे. भरलेल्या सिंकचे वजन शीटवर न टाकता खालच्या चौकटीवर घ्यावे. निथळण्यासाठी खोबणी पाडायच्या असतील तर त्यांना सिंककडे उतार द्यावा.

हॉबच्या कटआउटला सर्वाधिक काळजी लागते, कारण तिथे उष्णता, पातळ पट्टी आणि कोपरे एकत्र येतात. कटआउट हॉबच्या बुडापेक्षा सर्व बाजूंनी थोडा मोठा ठेवावा, म्हणजे तापलेला धातू शीटला टेकत नाही आणि शीटला प्रसरणाला जागा मिळते. हॉबच्या उत्पादकाने दिलेले किमान माप आणि शीटच्या उत्पादकाने दिलेले माप यांतले मोठे माप पाळावे. चारही कोपऱ्यांना खालून शीटचे ठोकळे चिकटवून तो भाग जाड करावा, आणि मग कोपऱ्याची गोलाई दोन्ही थरांतून एकदम काढावी. कडेवर उष्णता पसरवणारी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वरून सुरू करून खालपर्यंत गुंडाळावी. हॉबच्या पाळीखाली ती झाकली जाते. हॉब त्याच्यासोबत आलेल्या मऊ पट्टीवर टेकवावा, सिलिकॉनने जाम करू नये. इंडक्शन हॉबला खालून हवा लागते, म्हणून त्याखालच्या ड्रॉवरच्या वर पत्रकात सांगितलेली मोकळी जागा राहिली आहे का हे तपासावे.

ओटा बसवणे

तयार तुकडे जागेवर नेताना कटआउटची बाजू सर्वांत कमजोर असते. तिथे तात्पुरती लाकडी पट्टी क्लॅम्पने बांधावी आणि तुकडा उभा धरूनच दारातून न्यावा. प्रथम तो चिकटवल्याविना ठेवून पाहावा: भिंतीलगत सगळीकडे ३ मिमी फट आहे का, आणि हाताने दाबल्यावर कुठे हलतो का. हलत असेल तर आधारपट्टीवर पातळ पाचर घालून पोकळी भरावी. जाड सिलिकॉनने पोकळी भरून काढणे हा उपाय नव्हे.

त्यानंतर आधारपट्ट्यांवर साधारण ३०० मिमी अंतराने सिलिकॉनचे छोटे ठिपके टाकून त्यांवर ओटा ठेवावा. सलग रेषा ओढू नये आणि कडक होणारे बांधकामाचे चिकटद्रव्य मुळीच वापरू नये. सिलिकॉन ओट्याला जागेवर धरते आणि तरीही त्याला उन्हाळ्या-हिवाळ्यात हलू देते. जागेवरच करायचा जोड असेल तर तो वरील पद्धतीनेच करावा आणि पूर्ण वाळेपर्यंत ओट्यावर कोणीही टेकू नये, चढू नये.

भिंतीलगतची उभी पट्टी ओट्यापासून अगदी बारीक फट ठेवून लावावी आणि ती फट जुळत्या रंगाच्या लवचीक सिलिकॉनने भरावी. टाइल लावणार असाल तर ओटा आणि टाइल यांच्या सांध्यात सिमेंटचे ग्राउट भरू नये. ते ओट्याच्या हालचालीने तडकते आणि पाणी मागे उतरते.

घासाई

घासाईसाठी गोल फिरत थरथरणारा सँडर आणि धूळ ओढणारी नळी हवी. जोड समपातळीत असेल तर १२० ग्रिटच्या सँडपेपरपासून (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका कागद बारीक) सुरुवात करावी, मग १८०, २४० आणि ३२० असे क्रमाने बारीक व्हावे. एकही पायरी गाळू नये, कारण आधीच्या कागदाचे ओरखडे पुढचा बारीक कागद काढू शकत नाही, तो फक्त त्यांना चमकवतो. प्रत्येक ग्रिटने आधी लांबीच्या आणि मग रुंदीच्या दिशेने, अर्धा पट्टा पुन्हा व्यापत सँडर फिरवावा. दोन ग्रिटच्या मध्ये पृष्ठभाग ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा. जाड कागदाचा एक कण मागे राहिला तर तो पुढच्या फेरीत गोल ओरखड्यांची माळ काढतो. जोडावर सँडर एकाच जागी रेंगाळू देऊ नये, नाहीतर तिथे खळगा होतो आणि तो उजेडात कायम दिसतो. घासाई केवळ जोडापुरती न करता संपूर्ण ओट्याची करावी, म्हणजे सर्वत्र चमक एकसारखी येते. शेवटी तपकिरी आणि मग करडा नायलॉनचा पॅड फिरवला की मॅट पृष्ठभाग तयार होतो. अधिक चमक हवी असल्यास आणखी बारीक कागद आणि पॉलिश वापरता येते, पण ती चमक हात फिरणाऱ्या भागात लवकर मंदावते.

काम ताब्यात घेताना

खोलीतले दिवे बंद करून ओट्याच्या पातळीत टॉर्च आडवा धरावा. तिरक्या उजेडात जोडावरचा खळगा, सँडरचे गोल ओरखडे आणि चमकेतील फरक लगेच दिसतात. सिंक काठोकाठ भरून तासभर तसेच ठेवावे आणि खालून कोरड्या कागदाने सांधे पुसून पाहावेत, मग ते एकदम रिकामे करून निचऱ्याचे सांधे तपासावेत. कपाटाच्या आतून टॉर्च टाकून जोडाखालची पट्टी, हॉबच्या कोपऱ्यांचे ठोकळे आणि ॲल्युमिनियमची पट्टी प्रत्यक्ष आहेत याची खात्री करावी. कारागीर निघून गेल्यावर हे तपासण्याला अर्थ उरत नाही.

रोजच्या वापरात सौम्य साबण, पाणी आणि मऊ स्पंज पुरेसा असतो. पाणी वाळू दिल्यास क्षारांचा थर बसतो आणि गडद रंगावर तो डागासारखा दिसतो, म्हणून पुसून कोरडे करावे. हलका ओरखडा ओल्या नायलॉन पॅडने निघतो. खोल ओरखड्याला ३२० ग्रिटचा कागद आणि मग पॅड लागतो, मात्र नेमक्या त्या जागी न घासता आजूबाजूचा मोठा भाग घेऊन घासावे. रंग काढण्याची रसायने आणि नळ मोकळा करण्याचे तीव्र द्रव ओट्यावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावेत. भाजी ओट्यावर थेट चिरू नये, आणि गरम भांड्याखाली पाय असलेले जाळीचे स्टँड ठेवावे, कारण सपाट गादीतून उष्णता हळूहळू खाली उतरते.

सिंकच्या कटआउटमधून निघालेला तुकडा फेकून देऊ नये. पुढे कधी टवका उडाला किंवा कोपरा तडकला तर त्याच शीटमधून गोल ठिगळ काढून बसवता येते, आणि नवीन खेपेतली शीट रंगाला तंतोतंत जुळेलच असे नसते. तुकड्याच्या मागच्या बाजूला रंगाचे नाव, उत्पादन क्रमांक, काम झाल्याची तारीख आणि वापरलेल्या चिकटद्रव्याची छटा न पुसणाऱ्या शाईने लिहावी आणि तो सिंकखालच्या कपाटात न ठेवता कोरड्या जागी ठेवावा.